प्रमाणपत्र, पारितोषिक आणि कोर्ट : आनंद पटवर्धनांची पन्नास वर्षे

स्वतंत्र माहितीपटकार म्हटला की आपल्याकडे बहुधा एक ठरलेले चित्र डोळ्यांसमोर उभे राहते : खांद्यावर कॅमेरा, खिशात दमडी नाही, सरकारशी उभे वैर आणि चित्रपट पाहायला आलेली मूठभर माणसे. आनंद पटवर्धन यांच्याविषयी लिहिणारेही पुष्कळदा याच चौकटीत लिहितात, आणि त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग नेमका बाजूला राहतो. पटवर्धनांनी सेन्सॉर बोर्ड, राष्ट्रीय पुरस्कार, दूरदर्शन आणि उच्च न्यायालय यांपैकी एकाही दाराला कधी पाठ दाखवली नाही. प्रत्येक ठिकाणी ते रीतसर अर्ज घेऊन गेले, मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवला, आणि मग त्याच कागदांच्या जोरावर सरकारला सरकारच्याच नियमांत अडकवले. चळवळीतला माणूस इतका चिकट अर्जदार असू शकतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

एका चित्रपटाचे उदाहरण घेतले की ही पद्धत उलगडते. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५ साली पूर्ण झाला. धार्मिक हिंसाचार आणि मर्दानगीच्या कल्पना यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याचा शोध घेणारा हा दोन भागांचा माहितीपट. सेन्सॉर बोर्डाने पहिल्या भागाला ‘यू’ (सर्वांसाठी) आणि दुसऱ्याला ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र दिले, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका सरकारी संस्थेने चित्रपट दाखवण्यायोग्य ठरवला आणि दुसऱ्या सरकारी यंत्रणेने त्याचा गौरव केला. मग तिसरी, म्हणजे दूरदर्शन, तो दाखवायला नकार कोणत्या आधारावर देणार? पटवर्धनांचा सगळा दावा या साध्या प्रश्नावर उभा होता. दूरदर्शनने समितीमागून समिती बसवली, कधी अशांततेची भीती पुढे केली, कधी ‘ए’ प्रमाणपत्राची अडचण सांगितली. मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट दाखवण्याचा आदेश दिला, तेव्हा दूरदर्शन अपिलात गेले, आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पटवर्धनांच्या बाजूने निकाल दिला. चित्रपटातला एखादा तुकडा सुटा काढून त्यावर मत बनवू नये, सर्वसाधारण समंजस प्रेक्षकाच्या नजरेने संपूर्ण कृती पाहावी, असे त्या निकालाचे सूत्र आहे. चित्रपट तयार झाल्यापासून अकरा वर्षे गेली होती. एवढ्या काळात दुसऱ्या एखाद्याने विषय सोडून दिला असता, किंवा निदान त्या संस्थेला चार शिव्या देऊन पुढचे काम धरले असते. पटवर्धनांनी पुढची कामे केलीच, पण हा दावाही सोडला नाही.

हा स्वभाव कुठून आला असावा, याचा अंदाज त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांवरून बांधता येतो. जन्म १९५० चा, मुंबईतला. घर स्वातंत्र्यचळवळीतले : बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातले समाजवादी नेते अच्युतराव पटवर्धन आणि नगरचे रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. आई निर्मला पटवर्धन या सिंधमधून आलेल्या आणि शांतिनिकेतनात शिकलेल्या नामवंत कुंभारकाम-कलावंत. मुंबईत इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले, तेव्हा तिथे व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलने ऐन भरात होती. परत आल्यावर मात्र त्यांनी फिल्म इन्स्टिट्यूटची वाट धरली नाही की जाहिरात-व्यवसायाची. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या संस्थेत ते कार्यकर्ता म्हणून राहिले, आणि क्षयाच्या रुग्णांनी बरे वाटू लागताच औषध मध्येच सोडू नये, हे समजावणारी चित्रफीत त्यांनी तिथे तयार केली. पडद्यावर काहीतरी दाखवायचे ते समोरच्या माणसाने उद्या सकाळी काहीतरी वेगळे करावे म्हणून, ही समजूत तिथली असावी असे मला वाटते. ती पुढे कधीच सुटली नाही, आणि त्यांच्या काही चित्रपटांतला उपदेशाचा सूरही तिच्यातूनच येतो.

१९७४ मध्ये ते बिहारला जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात गेले. ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोठा मोर्चा ठरला होता, पोलिस लाठीमार करणार हे सर्वांना दिसत होते, आणि त्याचा पुरावा हाती राहावा म्हणून छायाचित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते दिल्लीला जाऊन एक सुपर-८ कॅमेरा उसना घेऊन आले. या कॅमेऱ्याची फिल्म हौशी मंडळींच्या घरगुती चित्रीकरणासाठी असते, त्यामुळे तिच्यावरून प्रती काढून गावोगाव पाठवण्याची सोय नव्हती. म्हणून चित्रित झालेला मजकूर पडद्यावर टाकून तोच पुन्हा १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपण्यात आला. ‘क्रांती की तरंगें’मधल्या काही दृश्यांचा दाणेदार, धुरकट पोत कोणाला शैली वाटतो, ती शैली नसून पडद्यावरच्या चित्राचे पुन्हा काढलेले चित्र आहे. चित्रपट १९७५ मध्ये पूर्ण होतो न होतो तोच आणीबाणी आली. एका प्रतीचे तुकडे करून ते परदेशात पाठवले गेले आणि तिकडे पुन्हा जोडले गेले. पटवर्धनही शिक्षणासाठी कॅनडाला, मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात गेले आणि आणीबाणीविरोधी सभांतून चित्रपट दाखवत राहिले. आणीबाणी उठल्यावर राजकीय कैद्यांवरचा ‘जमीर के बंदी’ आला, १९७८ मध्ये. त्यातली एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते : जनता सरकार आल्यावर तुरुंगांचा प्रश्न मिटला असे मानायला तो चित्रपट तयार नाही. ज्या आंदोलनातून आपण आलो त्याच्या सत्तेलाही सूट द्यायची नाही, हे तेव्हाच ठरलेले दिसते.

कॅनडातील भारतीय शेतमजुरांच्या युनियनवरचा त्यांचा १९८१ चा चित्रपट तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डाने काढला होता. म्हणजे सार्वजनिक पैशातून चित्रपट काढणे त्यांना वर्ज्य नव्हते. भारतात मात्र तशी व्यवस्था नव्हती. १९४८ मध्ये स्थापन झालेली फिल्म्स डिव्हिजन सरकारचीच होती, तिचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात, आणि आपल्या दोन पिढ्यांच्या मनात माहितीपट म्हणजे धरणे, खते आणि वार्तापत्राचा तो विशिष्ट आवाज असे समीकरण बसले होते. त्या यंत्रणेच्या आत राहून काही चांगली कामे झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या बाहेर चित्रपट काढणाऱ्याला ना पडदा होता ना पैसा. पटवर्धनांनी यावर काढलेला मार्ग आजही जवळजवळ तसाच आहे : माणसे कमीत कमी, कॅमेरा बहुधा स्वतःच्या हातात, संकलन स्वतःचे, हक्क स्वतःकडे, आणि आधीच्या चित्रपटाच्या विक्रीतून व पारितोषिकांतून पुढच्याचा खर्च. परदेशी विद्यापीठांची ग्रंथालये आणि महोत्सव हे त्यांचे खरे गिऱ्हाईक राहिले आहे. एक गोष्ट इथे स्पष्ट बोलली पाहिजे. मुंबईत राहायला स्वतःचे घर असणे आणि इंग्रजीत जगाशी बोलता येणे, या दोन गोष्टी ज्याच्याकडे नाहीत त्याला हा मार्ग इतकी वर्षे परवडला असता का, याबद्दल मला शंका आहे.

१९८५ चा ‘हमारा शहर’ हा मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमांवरचा चित्रपट. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहणाऱ्यांविषयी निकाल दिला तोही त्याच वर्षी. या चित्रपटात एक बाई सरळ कॅमेऱ्याकडे वळून चित्रपटवाल्यांनाच फैलावर घेते : तुम्ही येणार, आमचे फोटो काढणार, नाव कमावणार, आमच्या हाती काय? बहुतेक दिग्दर्शक असला तुकडा संकलनात उडवतात. तो इथे ठेवला आहे, आणि बाईला कोणतेही उत्तर दिलेले नाही. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, नरिमन पॉइंट परिसरातील संजय गांधी नगर पाडले गेल्यावर शबाना आझमी आणि इतरांबरोबर पटवर्धन उपोषणाला बसले आणि त्या रहिवाशांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात देता येत नव्हतेच. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दूरदर्शनवर येण्यासाठी त्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागली.

याच सुमारास त्यांची मुलाखतीची रीत पक्की झाली. ती ‘राम के नाम’मध्ये सर्वांत चांगली दिसते. १९९० च्या रथयात्रेच्या काळात अयोध्येत आणि वाटेवर केलेले हे चित्रीकरण. पटवर्धन कॅमेऱ्यामागून, साध्या हिंदीत, अगदी शाळकरी वाटावा असा प्रश्न विचारतात. मंदिर नेमके जन्मस्थानीच हवे म्हणणाऱ्या तरुणांना ते विचारतात की रामाचा जन्म कोणत्या काळात झाला. तरुण एकमेकांकडे बघतात, कोणीतरी हसतो, कोणी दुसऱ्याला पुढे करतो. दिग्दर्शक वाद घालत नाही, आवाज चढवत नाही. फक्त कॅमेरा बंद करत नाही. आणि मग येतात ते पुजारी लालदास, न्यायालयाने नेमलेले तिथले मुख्य पुजारी. मंदिराच्या नावावर पैसा आणि मते गोळा करणाऱ्यांविषयी ते ज्या थंड, सरळ स्वरात बोलतात, त्याला तोड नाही. पुढे त्यांना पदावरून काढण्यात आले आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. हे माहीत असताना ती मुलाखत पाहणे आणि माहीत नसताना पाहणे, यात फार फरक पडतो. या चित्रपटाला सेन्सॉरचे ‘यू’ प्रमाणपत्र होते, राष्ट्रीय पुरस्कार होता, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायालयाच्या आदेशाने तो दूरदर्शनवरही दाखवला गेला. तरीही गेल्या काही वर्षांत विद्यापीठांच्या आवारात त्याची प्रदर्शने अडवली गेली आहेत.

प्रमाणपत्राचा प्रश्न किती मुळाशी जातो, हे एका जुन्या निकालावरून समजते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘चार शहर एक कहानी’ या लहानशा माहितीपटाला ‘यू’ मिळावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. १९७० मध्ये मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटाची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे असा कौल दिला. तेव्हापासून सेन्सॉरच नको, असे म्हणून न्यायालयात जाण्यात फारसा अर्थ उरला नाही. उरला तो मार्ग असा की सेन्सॉर मान्य करायचे, पण त्याची प्रत्येक कात्री स्वतंत्रपणे तपासून घ्यायची. पटवर्धनांनी तेच केले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिकेत चित्रित केलेल्या ‘जंग और अमन’मध्ये बोर्डाच्या फेरतपासणी समितीने २१ ठिकाणी काटछाट सुचवली. त्यांतली एक मागणी अशी की पंतप्रधान आणि मंत्र्यांसह सर्व राजकीय नेत्यांची दृश्ये व बोलणी काढून टाकावीत. अणुबाँबवरच्या चित्रपटातून राजकारणी काढले तर उरणार काय, तर बाँब! पटवर्धनांनी एकही कट स्वीकारला नाही, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट काटछाटीशिवाय मोकळा केला.

त्याच वर्षी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. देशभरचे माहितीपटकार एकत्र आले, अट मागे घ्यावी लागली, पण निवडीत अनेक बोचरे चित्रपट गळाले. तेव्हा फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. गुजरातच्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा माहितीपट तिथेच दाखवला गेला. शर्मांनी त्याच्या प्रती फुकट वाटल्या, अट एकच, की घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून वाटाव्यात. पटवर्धनांच्या वकिली मार्गापेक्षा हा अगदी वेगळा रस्ता. पुढच्या पिढीने बहुतांशी हाच धरला, आणि इंटरनेट आल्यावर तो आणखी सोपा झाला.

‘जय भीम कॉम्रेड’विषयी मराठी माणसाने थोडे अधिक थांबून लिहायला हवे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. मरताना त्यांच्या डोक्याला निळे कापड बांधलेले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेला हा माणूस. ‘हमारा शहर’मध्ये त्यांचे गाणे आहे, म्हणजे दिग्दर्शकाची आणि त्यांची ओळख जुनी. घोगरे यांनी शेवटच्या घडीला निळा रंग का निवडला, या प्रश्नापासून निघालेला चित्रपट पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली आणि तो तीन तासांचा झाला. त्यात वस्तीतल्या जलशांची, शाहिरीची, गायन-पार्ट्यांची परंपरा आहे, चैत्यभूमीवरची गर्दी आहे, कबीर कला मंच या कलापथकाची तरुण मुले आणि त्यांच्यातल्या शीतल साठे यांचा आवाज आहे. माझ्या मते ही पटवर्धनांची सर्वांत मोठी कृती आहे, आणि तिचे कारण असे की इतर चित्रपटांत त्यांना उत्तर आधीपासून माहीत असते, इथे ते माहीत नाही. डाव्या चळवळीने जात नीट ओळखली नाही, हा आरोप त्यांच्या स्वतःच्या जगावरचा आहे, आणि तो त्यांनी ऐकून घेतला आहे. उच्चवर्णीय दिग्दर्शकाने दलित चळवळीची कथा सांगावी का, हा आक्षेप या चित्रपटावर घेतला गेला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आपल्या शाहिरांचे इतके तास, इतक्या मानाने केलेले ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणाकडे आहे, असे मला आक्षेप घेणाऱ्यांना विचारावेसे वाटते. मुंबईतल्या बीआयटी चाळीच्या पटांगणात आणि वस्त्यावस्त्यांत तो दाखवला गेला. तिथला प्रेक्षक तीन तास बसून राहतो, हे मी एका तालुक्याच्या गावी स्वतः पाहिले आहे. त्याच गावातल्या एका कॉलेजात आधी विचारणा केली, तर तिथल्या कार्यालयाने चित्रपट कशावर आहे हेही न विचारता सेन्सॉर सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. झेरॉक्स दिली, तेव्हा हॉल दुरुस्तीला निघाला.

‘विवेक’ हा २०१८ चा चित्रपट दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांच्या मागावर निघतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला. चार तासांच्या या चित्रपटात निवेदन कधी कधी पडद्यावर दिसणारेच पुन्हा सांगते, आणि संकलनात त्याला अजून एक फेरी हवी होती असे मला वाटते. पण कारकिर्दीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. २०१९ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवासाठी केंद्र सरकारने प्रमाणपत्रातून सूट नाकारली आणि केरळ उच्च न्यायालयाने प्रदर्शनाला परवानगी दिली. जुनी युक्ती याही वेळी लागू पडली, कारण समोर सरकार होते.

आता तेच बदलत चालले आहे. सेन्सॉरच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी असलेले अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले. त्यामुळे आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते आणि ते प्रत्येकाच्या ऐपतीतले नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की लोक जिथे चित्रपट पाहतात तो पडदा दूरदर्शनचा राहिलेला नाही. दूरदर्शन ही सार्वजनिक यंत्रणा असल्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम तिच्यापुढे ठेवता येत होते, तिने नकाराची कारणे द्यावीत म्हणून कोर्टाकडे जाता येत होते. खासगी ओटीटी कंपनीला चित्रपट नको असेल, तर ती नको म्हणत नाही. ती ईमेलला उत्तरच देत नाही. अशा मौनाविरुद्ध रिट याचिका कशी करणार? आजचा तरुण माहितीपटकार पटवर्धनांपेक्षा भित्रा आहे, असे जे बोलले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. कॅमेरा त्याला स्वस्तात मिळाला, पण ज्याच्यावर दावा लावायचा तो प्रतिवादीच नाहीसा झाला.

पटवर्धनांचा अलीकडचा ‘वसुधैव कुटुंबकम्’ २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. वृद्ध आईवडिलांचे घरात केलेले चित्रीकरण, काकांच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी आणि फाळणीपूर्वीचे सिंध, असा त्याचा ऐवज आहे. सेन्सॉरने घाबरावे असे त्यात वरवर काही नाही. मात्र आपल्या गावात तो मोठ्या पडद्यावर पाहायचा असेल, तर कोणातरी फिल्म सोसायटीला त्यांना पत्र लिहून, हॉल ठरवून आणि प्रोजेक्टरची जोडणी करूनच तो दाखवावा लागेल, आणि ते पत्र लिहिण्याचे काम यंदा आमच्या सोसायटीत माझ्याकडे आले आहे.